ब्लॉक ब्रेक, बोरघाट आणि बर्कले

हॉस्टेलमध्ये पीएल सुरू झाली की दोन गोष्टी हमखास होतात. मेसमधली गर्दी कमी होते आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर रोलरकोस्टर टायकून चालू होतो. १९९९ साली ख्रिस सॉयर नावाच्या माणसाने हा गेम जवळपास पूर्णपणे असेंब्ली लँग्वेजमध्ये लिहिला. (मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये दोन आकड्यांची बेरीज करताना ज्यांना घाम फुटतो त्यांनी इथे क्षणभर हात जोडावेत.) पार्क बांधायचं, कोस्टर डिझाइन करायचा, तिकीट लावायचं. पैसे कमी पडले की एकाच ट्रॅकवर दोन-तीन गाड्या सोडायच्या. इथेच गंमत सुरू होते. पुढची गाडी स्टेशनात उभी असताना मागची येऊन आदळली की पार्कची अब्रू जाते, माणसं पुन्हा त्या कोस्टरकडे फिरकत नाहीत.

यावर उपाय म्हणजे ब्लॉक ब्रेक. ट्रॅकचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ब्रेक बसवायचा. पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय ब्रेक गाडीला सोडत नाही. एका तुकड्यात एकच गाडी. हिशोब सोपा आहे, चार ब्लॉक असतील तर गाड्या तीनच, कारण एक तुकडा नेहमी रिकामा लागतो, नाहीतर सगळ्याच गाड्या एकमेकींची वाट बघत उभ्या राहतील. जुने खेळाडू आणखी एक गोष्ट सांगतात. एक ब्लॉक ब्रेक स्टेशनच्या अगदी आधी ठेवा. गेममध्ये कधी कधी स्टेशनचे ब्रेक फेल होतात, आणि उतारावरून सुसाट येणारी गाडी थेट स्टेशनातल्या गाडीवर जाते. आधी ब्लॉक ब्रेक असेल तर ती तिथेच पूर्ण थांबते आणि मग हळूहळू स्टेशनात शिरते. स्टेशनचा ब्रेक फेल असला तरी विशेष काही होत नाही.

ही शेवटची युक्ती नीट लक्षात ठेवा. कारण हा लेख ज्या माणसाचा आहे त्याच्या सगळ्यात मोठ्या कामात नेमकी हीच जागा कच्ची राहिली होती.

त्याचं नाव जेम्स जॉन बर्कले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आजोबांचा, पहिला चीफ इंजिनिअर. आपल्यापैकी जे वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून कर्जत लोकलने ये-जा करतात ते रोज त्याच्याच लाइनवरून येतात. पण नाना शंकरशेट सगळ्यांना माहीत असतात, बर्कले इंजिनिअर लोक सोडले तर फारसा कुणाला माहीत नसतो, आणि इंजिनिअर लोकांनाही बहुधा तो पदकामुळेच माहीत असतो. त्या पदकाबद्दल नंतर सांगतो.

बर्कलेचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ चा, लंडनमधल्या हॉलोवे भागातला. शिक्षण किंग्ज कॉलेजमध्ये. तेव्हा इंजिनिअरिंगची आजच्यासारखी डिग्री नव्हती. कुणातरी मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि शिकायचं, थोडक्यात चार वर्षांची इंटर्नशिप, तीही बहुतेक वेळा पदरचे पैसे भरून. बर्कले १८३६ मध्ये आधी विकस्टीड नावाच्या इंजिनिअरकडे लागला आणि १८३९ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनकडे गेला. हा रॉबर्ट म्हणजे रॉकेट इंजिनवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा आणि त्या काळातला इंग्लंडमधला सगळ्यात नावाजलेला रेल्वे इंजिनिअर. बर्कलेने त्याच्याकडे दहा वर्षं काम केलं. पुढे जीआयपी रेल्वे कंपनी १८४९ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. स्टीफन्सन तिचा सल्लागार इंजिनिअर होता. हिंदुस्थानात कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला तेव्हा त्याने आपल्या ह्या शिष्याचं नाव सुचवलं.

फेब्रुवारी १८५० मध्ये बर्कले मुंबईत उतरला. वय वर्षे तीस. आपल्यापेक्षा फक्त दहा वर्षांनी मोठा! हाताशी रेल्वेचा अनुभव असलेला एकही कामगार नाही, रूळ आणि इंजिनं बोटीने आफ्रिकेला वळसा घालून येणार, आणि पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई-ठाणे लाइनचं काम सुरू झालं. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन निघाली, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं जोडून. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते, म्हणून मी तिच्यावर जास्त लिहीत नाही. तसंही इंजिनिअरच्या दृष्टीने मुंबई-ठाणे हा सोपा पेपर होता. खाडीवरचा पूल, पारसिकचा डोंगर हे पुढचे प्रश्न. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली.

कल्याणला लाइनचे दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. दुसरा फाटा उल्हास नदीच्या खोऱ्यातून बदलापूर, वांगणी, नेरळ करत पळसदरीहून खोपोलीला नेला आणि तो १२ मे १८५६ ला सुरू झाला. हा भाग सपाट वाटतो, आणि डोंगराच्या मानाने आहेही. पण उल्हास नदी पावसाळ्यात काय करते हे आमच्याकडच्या लोकांना विचारा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बर्कलेच्या काळात पुराचे आकडे नोंदलेली वहीसुद्धा नव्हती. नदी किती चढते हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आणि झाडांवर अडकलेला कचरा बघून ठरवावं लागे.

खोपोलीला येऊन लाइन थांबली, कारण समोर सह्याद्री उभा होता. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची लाइन १४ जून १८५८ ला सुरू झाली. म्हणजे खाली रेल्वे, वर रेल्वे, आणि मधला घाट डोलीतून, घोड्यावरून किंवा बैलगाडीतून चढायचा. पाच वर्षं लोक असे गेले.

ह्या मधल्या तुकड्याचं डिझाइन म्हणजे बर्कलेचं खरं आयुष्य. इंग्रज त्याला भोर घाट म्हणायचे, आपण बोरघाट म्हणतो. लांबी पावणेसोळा मैल, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. चढ १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. पंचवीस बोगदे, आठ मोठे व्हायाडक्ट. सगळ्यात तीव्र उतार ३७ ला १.

३७ ला १ हे ऐकायला काही विशेष वाटत नाही. आपल्या हॉस्टेलचा रॅम्पसुद्धा याहून उभा असेल. पण तीनशे टनांची गाडी धरा. तीनशेला सदतीसने भागा. उताराच्या दिशेने आठ टनांहून जास्त जोर सतत खाली ओढतोय, एक मिनिट नाही, तासभर. आता कोस्टरवाल्यांसाठी दुसरं गणित. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकातला नायट्रो हा कोस्टर साधारण ४० मीटर उंचीचा. एमजीएच बरोबर अर्धा एमव्ही वर्ग लावला की तळाशी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येतो. तोच फॉर्म्युला ५५८ मीटरला लावा. घर्षण सोडून दिलं तर ताशी ३७५ किलोमीटरच्या वर उत्तर येतं. घर्षण अर्थातच असतं, पण ब्रेक नसलेली गाडी लोणावळ्याहून सुटली तर कर्जतपर्यंत रुळांवर राहणार नाही हे सांगायला व्हायवा लागत नाही. घाट चढणं हा इंजिनाचा प्रश्न आहे आणि घाट उतरणं हा ब्रेकचा. बहुतेक पुस्तकं फक्त चढण्याबद्दल लिहितात.

सर्व्हे करताना एका ठिकाणी बर्कलेची वाट अडली. डोंगराची सोंड संपते, पुढे सरळ कडा, आणि गाडी वळवायला लागते तेवढी जागाच नाही. त्याने तिथे वळण घेतलंच नाही. खंडाळ्याच्या अलीकडे त्याने रिव्हर्सिंग स्टेशन ठेवलं. गाडी चढून यायची, सोंडेच्या टोकावरच्या स्टेशनात थांबायची, इंजिन पुढून काढून मागे लावायचं, आणि गाडी उलट्या दिशेने दुसऱ्या रुळावरून वर निघायची. झिगझॅग. शर्टाच्या बटणांच्या दोन बाजूंना जशी दोरी ओवावी तसं डोंगराच्या एकाच अंगावर दोनदा चढायचं. मला विचाराल तर ही कल्पना भन्नाट आहे, आणि तितकीच धोक्याची. कारण त्या स्टेशनाच्या रुळाला पुढे काही नाही. बफर, आणि बफरच्या पलीकडे दरी.

ह्यात बर्कले एकटा नव्हता हे इथे लिहायलाच पाहिजे. घाटाचं कंत्राट फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराकडे होतं आणि १८५६ च्या सुरुवातीला काम चालू झालं. कड्यावर उभं राहायला जागा नसायची तिथे माणसांना वरून दोराने खाली सोडत. ते लोंबकळत दगडात भोक पाडायचे, दारू ठासायचे आणि वर ओढून घेतले जायचे. मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि थोड्याच दिवसांत फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. नंतर सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि वर्षअखेरीस, घाटात पाय ठेवल्यावर काही दिवसांतच, वारला. तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवलं आणि ॲडमसन व क्लाउझर ह्या दोन इंजिनिअरांना हाताशी धरून काम पूर्ण करून घेतलं. १८६१ मध्ये घाटावर बेचाळीस हजार माणसं काम करत होती. कॉलरा आणि तापाने त्यांतली फार माणसं गेली. त्यांची नावं कुठल्याही पदकावर नाहीत.

खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर जाताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. शिंग्रोबा धनगराने साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि साहेबाने बक्षीस म्हणून त्याला गोळी घातली, असं लोक सांगतात. काहीजण ती वाट रस्त्याची म्हणतात, काहीजण रेल्वेची. ड्रायव्हर लोक अजूनही तिथे नाणं टाकून पुढे जातात. मी ही गोष्ट इतिहास म्हणून देत नाहीये. पण ज्या डोंगरात गुरं चारणाऱ्यांना प्रत्येक पायवाट ठाऊक होती तिथे सर्व्हेची टीम कुणाला न विचारता चढली असेल हे मला पटत नाही.

बर्कले माणूस म्हणून कसा होता? ऑफिसात बसून नकाशे पास करणारा नव्हता एवढं नक्की. आपण काय बांधतोय ते लोकांना समजलं पाहिजे असं त्याला वाटत असावं. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने १८५७ मध्ये बोरघाटावर आणि १८६० मध्ये थळ घाटावर, म्हणजे आपल्या कसारा घाटावर, व्याख्यानं दिली. १८६० मध्येच लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये हिंदुस्थानातल्या रेल्वेवरचा त्याचा मोठा पेपर वाचला गेला. देशी कंत्राटदारांवर विश्वास टाकायलाही तो तयार होता. जमशेटजी दोराबजी ह्या पारशी कंत्राटदाराने जीआयपीची कामं घेतली आणि चोख करून दाखवली, अनेक गोऱ्या कंत्राटदारांपेक्षा चांगली.

थळ घाटातही त्याने रिव्हर्सिंग स्टेशन ठेवलं. तिथेही उतार ३७ ला १. दोन्ही घाट एकाच वेळी चालू, मधले दौरे घोड्यावरून, आणि उन्हाळा, पावसाळा, ताप. तब्येत ढासळली. १८६१ मध्ये तो कायमचा इंग्लंडला परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ ला लंडनजवळच्या सिडनहॅमला वारला. वय ४२. पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल १८६३ ला, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते बोरघाटाची लाइन उघडली. थळ घाट १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. आपली दोन्ही मोठी डिझाइन्स चालताना त्याने पाहिलीच नाहीत.

ती पाहिली असती तर त्यातल्या काही गोष्टी त्याला आवडल्या नसत्या. जुलै १८६७ मध्ये बोरघाटातला माऊकी मळीचा व्हायाडक्ट कोसळला. चौकशीत दिसलं की बाहेरून घडीव दगड आणि आत भलतीच हलकी भर. ह्याचा दोष कुणाचा? कंत्राटदाराचा, हे तर झालंच. पण देखरेख चीफ इंजिनिअरची होती, आणि पंचवीस किलोमीटरच्या घाटात पुरेसे तपासनीस ठेवणं हेसुद्धा डिझाइनचाच भाग असतं. बर्कलेचे चाहते त्याच्या आजारपणाकडे बोट दाखवतात. मला ते अर्धंच पटतं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक पॅसेंजर गाडी ताब्यात राहिली नाही, रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबू शकली नाही आणि बफर तोडून पुढे गेली. माणसं मेली. त्या काळी ब्रेक हाताने फिरवायचे. ब्रेकव्हॅनमध्ये ब्रेक्समन बसायचे, इंजिनाची शिट्टी झाली की चाक फिरवून लाकडी ठोकळे दाबायचे. घाटाच्या इंजिनांना रुळावर दाबले जाणारे वेगळे स्लेज ब्रेक दिले होते. पावसात, दवात, ओल्या रुळावर ह्या सगळ्याचा भरवसा किती, ते समजायला मेकॅनिकलचा असायची गरज नाही. आणि योगायोग असा की त्याच १८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं. त्याची १८७२ ची सुधारणा तर आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. पाइपमध्ये हवेचा दाब असेल तोपर्यंत ब्रेक सुटलेला, आणि पाइप फुटला, डबा तुटला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागलेला. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबते.

आता गेमकडे परत या. रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे उताराच्या तळाशी ठेवलेलं स्टेशन, आणि तिथे थांबायचं साधन एकच, गाडीवरचे ब्रेक. ते फेल झाले की दुसरं काही नाही. स्टेशनच्या आधी ब्लॉक ब्रेक नव्हता! गेममध्ये दहा मिनिटांत कळणारी चूक ही, पण बर्कलेच्या वेळी रुळावर बसवायचा ब्रेक कुणी पाहिलेला नव्हता, आणि एका तुकड्यात एकच गाडी ही ब्लॉकची कल्पना इंग्लंडमध्ये कूकने १८४२ मध्ये मांडली असली तरी सगळीकडे सक्तीची झालेली नव्हती. शिवाय ब्लॉकचा नियम दोन गाड्यांना एकमेकींपासून वाचवतो. गाडीला उतारापासून वाचवायला वेगळी युक्ती लागते.

ती युक्ती घाटात आजही आहे. तिला कॅच सायडिंग म्हणतात. मुख्य लाइनला एक फाटा काढून तो वर चढवत नेलेला असतो, आणि काटा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी पूर्ण थांबून दाखवायचं. थांबली म्हणजे ब्रेक ठीक आहेत. मग काटा फिरवून तिला मुख्य लाइनवर सोडायचं. थांबली नाही तर ती आपोआप चढाच्या फाट्यावर जाते आणि तिथे तिचा जोर संपतो. पुण्याहून येताना मंकी हिल किंवा ठाकूरवाडीला गाडी काही क्षण उगाचच थांबते, प्रवासी रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात आणि माकडांना वेफर्स टाकतात (टाकू नका). ते थांबणं उगाच नसतं. गाडी तिथे ब्रेकची परीक्षा देत असते. चढताना कर्जतला मागे बँकर इंजिनं जोडायला बहुतेक गाड्या थांबतात, तोही बर्कलेच्या ३७ ला १ चाच प्रताप. रिव्हर्सिंग स्टेशन मात्र १९२९ मध्ये नवीन बोगद्यांची लाइन झाल्यावर बंद झालं, आणि पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. इंजिन काढून उलटं लावत बसलं असतं तर दख्खनच्या राणीला कुणी राणी म्हटलं नसतं.

काटा म्हटलं की पॉइंट्समन आला. १७ एप्रिल २०२१ ला आमच्या वांगणी स्टेशनात एक लहान मुलगा प्लॅटफॉर्मवरून रुळावर पडला, समोरून एक्स्प्रेस येत होती, आणि ड्यूटीवरच्या पॉइंट्समनने रुळावरून धावत जाऊन त्याला वर ढकललं आणि स्वतः शेवटच्या क्षणी वर चढला. ते फुटेज सगळ्या देशाने पाहिलं. गाडी सुटल्यावर ब्रेक लावूनही कितीतरी लांब जाते हे त्या काही सेकंदांत जसं दिसतं तसं कुठल्या टेक्स्टबुकात दिसत नाही.

आता पदक. बर्कले गेल्यावर त्याच्या नावाने वर्गणी जमा झाली आणि मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्यासाठी जेम्स बर्कले पारितोषिक ठेवलं गेलं. १८८३ मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या, एका म्हैसूरच्या विद्यार्थ्याला मिळालं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याच्या धरणासाठी स्वयंचलित दरवाजे डिझाइन केले, ते १९०३ मध्ये बसले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे, पातळी उतरली की आपोआप बंद व्हायचे, रात्री पावसात कुणी चाक फिरवायला जागं नसलं तरी.